पडद्याबाहेर एकच चप्पल

नाही, नाही, ताई, आता ओठ हलवायचे नाहीत. तोंडाला मुलतानी माती लावली की संपलं — बोललात की तोंडाच्या कडेला भेगा पडतात, कातडी ओढली जाते, आणि मग संध्याकाळी स्टेजवरच्या त्या दिव्यांत सगळ्या रेघा दिसतील आणि तुम्ही मला बोल लावाल. तेव्हा गप पडून राहा. डोळ्यांवरचा कापूस काढू नका, गार वाटतंय ना? हं. काही हवं असलं तर बोट हलवा, मला दिसतं. बाकी बोलायचं काम माझं. तसंही इतकी वर्षं तुम्ही या खुर्चीत पडून बोलत आलात आणि मी दातांत दोरा धरून ऐकत आले. आज उलटं. आज दोरा नाही, आणि तोंडावर माती तुमच्या आहे.

फोन तुमचाच वाजतोय. वाजू दे. आरशाखालच्या फळीवर ठेवलाय, माझे हात मातीचे आहेत, मी नाही उचलत. बाहेरची तुमची पोरं असतील — मघाशी दाराच्या काचेतून पाहिलं, गाडीला टेकून उभी आहेत, काखेत फलक, आणि ज्याच्या त्याच्या हातात मोबाइल. ताई तयार होऊन बाहेर पडल्या की फोटो काढायचे असतील. काढू देत. आधी माती सुकू दे, मग मागं पडद्याआड बेसिन आहे तिथं धुवायची, मग थोडं क्रीम, मग काय ते फोटो. जरा घट्टच झाली आज माती. मला कळतंय, लावताना तुम्ही भुवई उचललीत तेव्हाच कळलं. पाणी कमी पडलं का? नाही हो. असेल, पडलं असेल — सकाळपासून पोटात काही नाही. त्यात एका हातात वाटी, एका हातात ब्रश, आणि तुम्ही फोन माझ्या नाकासमोर धरलात, बघ बघ म्हणून. पाण्याचा अंदाज चुकला, दुसरं काही नाही.

छान आहे व्हिडिओ. म्हणजे स्वच्छ आलाय, सगळं दिसतं. चौकातलं कारंजं दिसतं, तुमची ती पत्रकं वाटणारी मंडळी दिसतात, आणि मधे ती मुलगी. तोंड उघडं. टाळ्या. कोणीतरी तिच्या खांद्यावर हात ठेवतं. मग ती पळते. आणि तुम्ही काय म्हणालात — म्हणालात, अगं, तिनं स्वतःहून काढला नकाब, आमचं पत्रक हातात घेतलं आणि तिथल्या तिथं काढला, आणि इतकी आनंदली, इतकी आनंदली की पायातली चप्पल चौकातच राहिली तरी मागं वळून पाहिलं नाही. असंच म्हणालात ना? मी काही पदरचं घालत नाही. आणि आज संध्याकाळच्या जाहीर चर्चेत मोठ्या पडद्यावर आधी हा व्हिडिओ, मग तुमचं भाषण, आणि मग मी. एक लेक आणि एक आई, म्हणालात. तुम्हाला शब्द बरे सुचतात. मी वाटीतली माती घोटत राहिले, आणखी काय करणार.

एक विचारू? बोलू नका, नुसतं ऐका. तिनं स्वतःहून काढला, मग व्हिडिओ काढल्यानंतरच का सुरू होतो? काढतानाचं कुठं आहे? तीच तर मोठी गंमत होती ना, लोकांना तेच बघायचं असणार. माझ्याकडे नवऱ्या मुली येतात, त्यांचे फोटोवालेसुद्धा सुरुवात सोडत नाहीत. असो. मला त्यातलं काय कळतं. असेल पोराचा फोन खिशात तेव्हा.

काय? बोट कशाला हललं? आवाज — कसला आवाज. मागच्या टाकीचा नळ आहे, गळतो, कधीचा सांगतेय दुरुस्तीवाल्याला. पडून राहा.

तर मी काय सांगत होते — हं, मी येते म्हटलं होतं ना तुम्हाला, सभेला? उगाच नाही म्हटलं. लोकांना वाटेल ताईंनी बाईला गोड बोलून फिरवलं. तुम्हालाही तसंच वाटत असेल. मी मुसलमान बाई आणि तोंड उघडं, केस उघडे, शिवाय पार्लर चालवते, म्हणून तुम्हाला मी हवी होते. ते न कळायला मी काही दूधखुळी नाही. पण मला तुमचा ठराव हवा होता. खरंच हवा होता. पालिकेत, दवाखान्यात, बसमध्ये, वाचनालयात, जिथं जिथं सरकारचं दार आहे तिथं नकाब चालायचा नाही — वाचलं मी तुमचं पत्रक, दोनदा वाचलं. आणि मनात म्हटलं, सुटले बाई एकदाची. जे मला घरात ओरडून जमलं नाही, ते आता कायदा करेल. मी वाईट नाही व्हायचं, कायदा वाईट होईल. असं वाटलं मला. माझ्या लेकीसाठी.

लेक माहितीये ना तुम्हाला — मास्तरीण. तुम्हीच ठेवलंत ते नाव. एवढीशी होती, त्या कोपऱ्यातल्या स्टुलावर बसायची आणि तुम्ही ‘फेशल’ म्हणालात की ‘फेशियल’ म्हणून दुरुस्त करायची. तुम्ही हसायचात आणि तिचा गाल ओढायचात. सगळ्याच ओढायच्या. आणि म्हणायच्या काय — आईच्या हाताखाली असून रंग उजळला नाही गं हिचा. जरा मोठी झाली तर, अगं, हनुवटीवर किती पुटकुळ्या, आईला सांग काहीतरी लावायला. गिऱ्हाईक प्रेमानंच बोलतं, त्याला काय म्हणणार. मीही हसायचे. मी तर तिला आरशासमोर बसवून नमुना म्हणून लावून दाखवायचे, हे बघा, ही आधीची बाजू आणि ही नंतरची. ती चूपचाप बसायची. गुणी आहे म्हणायचे सगळे.

आणि एक दिवस आली ती नकाब लावूनच. नुसते डोळे. मी इथंच उभी होते, एका बाईच्या कपाळाला वाफ देत होते, आणि मला आधी वाटलं गिऱ्हाईक आलं, मी म्हटलं, या ना, बसा. आपल्याच पोरीला. मग जे काय झालं घरात, ते विचारू नका. मी बोलले नाही असं काही उरलं नाही. हे काय थेर मांडलेस, म्हटलं, मी या रस्त्यावर उघड्या तोंडानं दुकान काढलं तेव्हा आपल्यातल्यांनीच किती नावं ठेवली मला, माझ्या सासूनं वर्षभर माझ्या हातचं पाणी घेतलं नाही, ते सगळं मी कोणासाठी सोसलं? आणि तू आपली चाललीस उलट्या दिशेनं. लोकांना वाटतं घरातल्या पुरुषांनी लादलं असेल. हिचे अब्बा ट्रकवर, महिन्यातून दोनदा घरी, त्यांनी पाहिलं आणि एवढंच म्हणाले, बेटा, उन्हाळ्यात गुदमरशील गं. संपलं त्यांचं लादणं. लादायला कोणी गेलं असेल तर ती मी, उलटं लादायला.

कारण विचारलं ना. विचारलं, शंभरदा विचारलं. एकदा म्हणाली, अम्मी, तू दिवसभर लोकांचे चेहरे तपासतेस, माझा कोणी तपासू नये असं मला वाटतं. मी म्हटलं, म्हणजे हे माझ्या दुकानामुळे, अल्लासाठी नाही? तर म्हणते, दोन्हीसाठी, अम्मी, एकाच गोष्टीला दोन कारणं असू नयेत असं कुठं आहे. मास्तरीणच ती. तिच्याशी बोलण्यात आपला निभाव लागत नाही. पण मला नाही पटलं. आजही नाही पटत, खोटं कशाला बोलू. जेवताना मी तिचं तोंड बघून घ्यायचे, पोटभर, कारण दाराबाहेर पडली की मला ते दिसायचं नाही. मी आई आहे की, मला रस्त्यात माझी मुलगी ओळखू यायला नको? बस स्टॉपवर तशा तिघी उभ्या असल्या की मी चपलांवरून ओळखायचे. म्हणून तर मुद्दाम तिला रंगीत पट्ट्यांच्या घेऊन दिल्या, मोरपंखी. म्हटलं, एवढं तरी माझ्यासाठी घाल.

पुन्हा फोन. तुमची पोरं फार अधीर झाली आहेत.

तर मग तिला मी मागं टाकलं. हो, टाकलंच, दुसरा शब्द नाही. पुढच्या खुर्चीवर ती छान काम करायची, हात माझ्याहून हलका आहे तिचा. पण गिऱ्हाइकं कुरकुरायला लागली — तुम्हीसुद्धा म्हणालात एकदा, अगं, तोंड दिसत नाही तिचं, कसंतरी वाटतं. म्हणून मी मागच्या मोरीवजा खोलीत पडदा लावला, एक खुर्ची, एक आरसा, तिथं बस म्हटलं. मला वाटलं कंटाळून पुढं येईल, नकाब ठेवेल खुंटीला. झालं भलतंच. तिच्यासारख्या बायका यायला लागल्या. कुठून कुठून यायच्या, पडद्याआड बसायच्या, तोंड उघडायच्या, आणि आतून हसण्याचे असे आवाज की पुढं बसलेल्यांना हेवा वाटावा. आणि मग आमच्यात नियमच झाला: चपला पडद्याबाहेर काढायच्या. बाहेर चपला दिसल्या म्हणजे आत कोणीतरी उघड्या तोंडानं बसलंय, पडद्याला हात लावायचा नाही. मग आग लागो. मी स्वतः दुकानाची मालकीण, मीसुद्धा बाहेरून भिंतीवर टिचकी मारते आणि थांबते. या दुकानात दुसरी शिस्त नाही, एवढी एक आहे.

हो, तुम्ही आल्या आल्या विचारलंत ते माझ्या लक्षात आहे. ही एकच चप्पल काय गं पडद्याबाहेर, दुसरी कुठं गेली? मी म्हटलं, मांजर. मांजर नेतं कधी कधी. तुम्ही हसलात आणि खुर्चीत आडव्या झालात. बरं झालं तेव्हा तुम्ही खाली वाकून नीट पाहिली नाहीत.

अं? नाही, कोणी नाही आत. म्हणजे गिऱ्हाईक आहे एक. हो, मघाशी नळ म्हटलं मी. नळही गळतो आणि गिऱ्हाईकही आहे. तुम्ही मान वळवू नका, गळ्याजवळ माती ओली आहे अजून.

टीव्ही बघता ना तुम्ही, परवाची चर्चा पाहिलीत? पाच जण होते. पाचही पुरुष, आणि चौघांना मिशा. एक म्हणतो काढा, एक म्हणतो घाला, एक म्हणतो देश, एक म्हणतो धर्म, आणि पाचवा बिचारा मधे बोलायला मिळतंय का बघत होता. मी आणि मास्तरीण इस्त्री करता करता बघत होतो. ती म्हणाली, अम्मी, यांच्यातल्या एकानं तरी तासभर घालून बघितला असेल का, निदान पिन कुठं टोचते ते तरी कळलं असतं. आणि आम्ही दोघी हसलो. किती दिवसांनी एकत्र हसलो त्या विषयावर. तिला पलीकडच्या लोकांनीपण बोलावलं होतं, सांगितलं नाही का तुम्हाला? नकाबाच्या बाजूनं बोलायला. घरी आले होते दोघे, अदबीनं, बहीणजी बहीणजी करत. तिनं हात जोडले. म्हणाली, मी काय दुकानाच्या काचेतली बाहुली आहे का, आज यांनी उचलायची, उद्या त्यांनी. मला तेव्हा अभिमान वाटला आणि त्याच वेळी लाजही वाटली, कारण तुम्हाला मी हो म्हणून बसले होते आणि ते तिला ठाऊक होतं.  ती नुसतं म्हणाली, सभेला जाताना निळी साडी नेस, ती तुला शोभते.

पिनेचं म्हटलं ना — ती पिनसुद्धा मीच दिलेली. वाऱ्यानं नकाब उडायचा, सारखा हातानं धरायची, म्हणून मी माझ्याकडची केसांत लावायची मोठी पिन दिली, कानामागं लावायची, पक्की बसते. भांडत होते आणि पिनही देत होते. पक्की बसते ना, तेच नडलं. ओढल्यावर निघाली नाही. कापड निघालं ते कानामागचं फाडूनच, पिन केसांतच लटकून राहिली, रक्त मानेवरून खाली — कॉलर भिजली सगळी, मी आत्ताच, तुम्ही यायच्या आधी, आतमध्ये कापूस धरून —

हं.

बोलून गेले. जाऊ दे. कधीतरी बोलणारच होते, नाहीतर मातीच्या पाण्याचा अंदाज कशाला चुकला असता. पडून राहा, ताई. पडून राहा म्हणते ना. अजून सुकली नाही.

तीच आहे ती. तुमच्या व्हिडिओतली. तुम्ही ओळखलं नाहीत, कसं ओळखणार, तुम्हाला तिचं तोंड बघून जमाना झाला. चौकातून वाचनालयात जात होती, पुस्तक परत करायला. आणि तिनं स्वतःहून नाही काढला. तिच्या हातात एका बाजूला पुस्तक, एका बाजूला तुमचं पत्रक — घेतलं तिनं, कोणी काही दिलं तर ती घेते, तशीच आहे. आणि एक बाई पुढं आली. गुंड वगैरे नाही हो, कसला गुंड. माझ्याच वयाची, चांगल्या घरातली, तुमचा बिल्ला लावलेली. हसत हसत आली म्हणे, अगदी मायेनं म्हणाली, बाळ, आता याची गरज नाही, मोकळा श्वास घे. आणि घेतला हातात आणि ओढला. ही पोर एवढंच म्हणू शकली, काकू, पिन आहे. काकू म्हणाली तिला. तोवर निघाला होता. मग लोक टाळ्या वाजवायला लागले आणि त्याच वेळी तुमच्या पोरानं फोन सुरू केला. म्हणून तुमच्या व्हिडिओला सुरुवात नाही.

आणि पळाली ती आनंदानं नाही पळाली. दोन्ही हात तोंडावर ठेवून आली इथवर. सबंध रस्ता. बोटांच्या फटीतून बघत बघत, लोकांना धडकत, पुस्तक गेलं कुठं, चप्पल गेली कुठं. दारातून आत आली तरी स्वतःहून हात काढेना. पडद्याआड गेली, आणि त्याही वेळी तिनं राहिलेली एक चप्पल बाहेर काढून ठेवली. शिस्त. मग मी टिचकी मारली आणि थांबले, आणि ती ये म्हणाली तेव्हाच आत गेले. आणि थोड्या वेळानं तुम्ही आलात, घंटा वाजली, तुम्ही म्हणालात, अगं आज मला एकदम तजेलदार कर, आज मोठा दिवस आहे. मी काय सांगणार होते तेव्हा? हात धुतले आणि माती काढली डब्यातून.

एक गोष्ट मी कोणाला सांगणार नव्हते. तुम्हाला सांगते, तुम्ही काही बोलू शकत नाही म्हणून असेल. ती दारातून आली ना, आणि मी तिचे हात धरून खाली घेतले, तेव्हा दाराच्या उजेडात तिचं तोंड मला दिसलं. दिवसाउजेडी, दुकानाच्या दारात, किती महिन्यांनी. रडून लाल झालेलं, नाक गळतंय, मानेवर रक्त. आणि माझ्या मनात पहिलं काय आलं, ठाऊक आहे? किती देखणी आहे माझी पोर. हे आलं पहिलं. रक्त नंतर दिसलं मला. जे मला हवं होतं ते झालं होतं ना — कोणीतरी काढला होता तिचा नकाब, माझं भांडण कोणीतरी माझ्यासाठी जिंकलं होतं. त्या बाईला मी काय तोंडानं नावं ठेवू? ती माझंच काम करत होती. लाज वाटते मला. आत्ता बोलताना वाटते, आणि आत ती ऐकतेय, ऐकू दे.

तर आता माझं एकच मागणं आहे. ठराव तुमचा तुम्ही मांडा, भाषण करा, मतं कमवा, मी आडवी येत नाही. नकाबाशी माझं भांडण आहे तसंच आहे, ते मी आणि ती बघून घेऊ, आमच्या स्वयंपाकघरात, आणखी वीस वर्षं लागली तर लागली. पण तो व्हिडिओ लागता कामा नये. भरल्या सभागृहात, त्या एवढ्या मोठ्या पडद्यावर, माझ्या पोरीचं तोंड, जे तिनं कोणाला दाखवायचं नाही ठरवलंय, ते सगळ्या गावानं बघायचं आणि वर टाळ्या वाजवायच्या, हे मी होऊ देणार नाही. त्यानंतर ती घराबाहेर पडेल का हो? नकाब लावून नाही आणि न लावता नाही. तुम्ही तिला मोकळं करायला निघालात आणि ती पडद्यामागच्या त्या खोलीतून बाहेर यायची नाही कधी. तेव्हा हो म्हणा. बोलू नका, हात वर करा नुसता. मी कापूस काढते डोळ्यांवरचा, माझ्याकडे बघा आणि हात वर करा.

...

काय म्हणालात? पडली भेग. बघा, सबंध गालावर गेली. काय म्हणालात, पुन्हा म्हणा — एवढा छान चेहरा आहे, लपवायचं काय त्यात. प्रेरणा मिळेल लोकांना. हं. मला वाटलंच होतं तुम्ही हे म्हणाल, कारण दारात मलाही तेच सुचलं होतं, सांगितलं ना आत्ताच. पण मी आई असून मला हक्क नाही, तर तुम्हाला कुठून आला? मग ऐका. मी येते सभेला. निळी साडी नेसून येते. तुम्ही व्हिडिओ लावा, दिवे घालवा, टाळ्या होऊ द्या. मग माइक माझ्याकडे येईल ना? एक लेक आणि एक आई. तेव्हा मी पिशवीतून ती मोरपंखी चप्पल काढीन आणि टेबलावर ठेवीन, आणि त्या बाईला उभं राहायला सांगेन, बिल्ल्यासकट. पिनही आहे माझ्याकडे, धुतलेली नाही. मुलगी कोण, ते मी सांगणार नाही, तिनं हो म्हटल्याशिवाय नाही. बाकी सगळं सांगेन. आतून ती काही म्हणाली का? नाही. नाही म्हणत नाही, म्हणजे तिची हरकत नाही. मी ओळखते तिला.

हं, नको ना तसं? घ्या फोन. सांगा त्या व्हिडिओवाल्या पोराला. इथंच, माझ्यासमोर, आणि मोठ्यानं, आत ऐकू जाईल असं. ...बरोबर. ‘काढून टाक.’ सगळ्यांच्या फोनमधून म्हणा. बाहेरच्या त्या पोरांच्यासुद्धा. ...हं. कारण विचारतोय? सांगा, आवाज नीट आला नाही. तुमचाही मान राहील. आणि माझी खुर्ची काढायला सांगा स्टेजवरून. ...झालं. ठेवा आता.

उठा सावकाश. नाही, तिकडे नाही. ताई, तिकडे नाही म्हणते ना — पडद्याला हात लावू नका. मला माहितीये बेसिन तिकडे आहे. मला माहितीये माती सुकलीय, ओढते, खाजते, मी रोज लावते लोकांना. पण बाहेर चप्पल आहे. एक असली तरी आहे. हात खाली घ्या. ती आत उघड्या तोंडानं बसलीय आणि तुम्ही आत जायचं नाही, आग लागली तरी नाही. घरी जाऊन धुवा. कोमट पाण्यानं, घासायचं नाही, भिजवायचं आणि मग पुसायचं.

अशा तोंडानं कशा जाणार ते मला काय विचारता. बाहेर पोरं आहेत, हातात फोन आहेत, ते खरं आहे. मी तरी काय —

बघा. पडद्याखालून टॉवेल आला. मी नाही सांगितलं तिला, तुमच्यासमोरच उभी आहे मी. तिचा हात आहे तो, बघा, सरकवतेय. घ्या. धुतलेला आहे, मऊ आहे. डोक्यावरून घ्या, असा, आणि तोंडावरून गुंडाळा, डोळे तेवढे मोकळे ठेवा, पायरी आहे बाहेर. हातानं धरा हनुवटीपाशी. जा आता, सरळ गाडीपर्यंत. घाबरू नका, कोणी ओढणार नाही. दार लोटून घ्या जाताना.